सेल्मरची मापं

आवाज झाला, पण तो बंदुकीचा वाटला नाही. जिन्यात कोणी ओल्या कपड्यांची पिशवी टाकावी तसा काहीतरी. आल्डन स्टेनव्होल्डच्या खांद्याला धक्का बसला नाही, नेमबाजीच्या मैदानावर समोर लावलेल्या कागदावर काही उमटलं नाही, कागदामागच्या मातीच्या बांधावरून धूळही उडाली नाही. सवयीने त्याने बोल्ट, म्हणजे काडतूस आत-बाहेर सरकवणारा दांडा, मागे ओढला. रिकामं पितळी कवच उडून मेजावर पडलं, दोन गिरक्या घेऊन थांबलं. त्याने बोल्ट पुढे ढकलला आणि दुसरं काडतूस आत गेलं. हे सगळं त्याला अगदी स्वच्छ दिसत होतं, दुसऱ्या कुणाचे तरी हात बघावेत तसं. गोळी बाहेर पडलेली नाही, ती नळीतच कुठेतरी अडकली आहे, आणि आता तिच्यामागे दुसरी सोडली तर ही शंभर वर्षांपूर्वीची लष्करी रायफल आपल्या गालाशीच फुटेल, हेही त्याला कळलं होतं. नंतर कितीतरी दिवस त्याला छळत राहिलं ते एवढंच. आपल्याला कळलं होतं. तरी त्याने गाल पुन्हा दस्त्याला टेकवला, डोळा बारीक केला आणि बोट चापावर ठेवलं. लाकूड थंड होतं. सरोवरावरून येणारा वारा डाव्या गालाला झोंबत होता. आणखी काहीच वाटत नव्हतं.

"ए! हात काढ! चापावरचा हात काढ आधी!"

शेजारच्या मेजावरची बाई उठून उभी राहिली होती. जाडजूड, लाल लोकरी टोपी घातलेली, त्याच्याच वयाची. त्याने हात काढला. सांगितलं म्हणून काढला. तिने येऊन बंदुकीचं तोंड बांधाकडेच आहे ना ते पाहिलं, बोल्ट उघडून काडतूस बाहेर काढलं, आणि मग कमरेवर हात ठेवून म्हणाली, "गोळी आत बसलीय, अहो. दुसरी मारली असतीत तर नळी केळ्यासारखी सोलली गेली असती. तुमच्या तोंडासकट."

"हो."

"हो काय हो? आवाज नाही ऐकलात?"

"कानांवर हे होतं," असं म्हणून त्याने कानांवरची झाकणं दाखवली. तिच्याही कानांवर तसलीच झाकणं होती. तिने त्याच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं आणि आपल्या गाडीतून पितळी सळई आणि तेलाची बाटली घेऊन आली. तिचं नाव बेव्हर्ली ओयाला. पूर्वी शाळेच्या स्वयंपाकघराची मुख्य होती, आता वडिलांनी मागे ठेवलेली फिनलंडची जुनी रायफल घेऊन दर शनिवारी इथे येते, असं तिने तेल ओतता ओतताच सांगून टाकलं. नळीच्या तोंडातून सळई घालून ती हलक्या हाताने ठोकत राहिली, आणि थोड्या वेळाने मागच्या बाजूने शिशाची गोळी तिच्या तळहातावर पडली. नळीतल्या पिळाचे चरे तिच्या अंगावर सारख्या अंतराने कोरले गेले होते. "गोळी तर काय सुरेख ओतलीय," बेव्हर्ली म्हणाली. "सुरकुती नाही, मापाला चोख. गोळीचा दोष नाही. काडतुसात दारू किती घातली होती?"

त्याने सांगितलं. तिने तोंडाचा चंबू केला.

"एवढीशी? या दारूची? एवढ्याने तर मेणबत्तीही विझायची नाही. कुणी सांगितलं हे माप?"

"माझ्या भावाने."

"भावाशी तुमचं काही वैर आहे का?"

यावर हसायला हवं होतं. तो हसला. ओठ बाजूला गेले आणि परत जागेवर आले.

घरी जाताना तो उतारावर गाडी हळू चालवत होता. हा रस्ता त्याच्या बसचाच होता. तीस वर्षं त्याने डुलुथ शहराची बस चालवली होती, टेकडीवरून खाली बंदराकडे आणि बंदराकडून वर. बर्फात, धुक्यात, दारुड्यांच्या शनिवारी. कुठल्या वळणावर ब्रेकला पाय न्यायचा ते अजून पायालाच ठाऊक होतं. मनाला कशातच पडावं लागत नव्हतं, आणि तेच बरं वाटत होतं. त्याची बायको मार्लिस गेली त्यालाही आता दोन हिवाळे झाले. दुपारी दवाखान्यात ती गेली, तो घरी आला, ओट्यावरचा तिचा कप विसळून पालथा घातला, आणि मग खुर्चीत बसून वाट पाहिली. आता काहीतरी येईल, रडू येईल, छाती फुटेल, लोक सांगतात ते सगळं येईल. संध्याकाळ झाली तेव्हा त्याने दिवा लावला. चर्चमधल्या बायकांनी आणलेले भांडीच्या भांडी भरून बटाट्याचे आणि मटणाचे पदार्थ तो कितीतरी दिवस गरम करून खात राहिला. चव लागायची. मीठ कमी आहे, जास्त आहे, ते कळायचं. लोक म्हणाले, आल्डनने फार धीराने घेतलं. त्याला वाटायचं, यात धीर कसला? पाय बधिर झाला की आपण तो जमिनीवर आपटून बघतो, आहे का म्हणून. एवढंच.

आणि त्याचा भाऊ, सेल्मर. सेल्मर त्याच्याहून सात वर्षांनी मोठा. वडील खनिजाच्या बोटीवर गेले ते परत आलेच नाहीत, तेव्हा आल्डन शाळेतही जात नव्हता. त्यानंतर त्याचे केस सेल्मरने कापले, दाढी कशी करायची ते सेल्मरने दाखवलं, बसच्या नोकरीचा अर्ज सेल्मरने आणून दिला. मार्लिसला पहिल्यांदा घरी आणलं तेव्हा सेल्मर तिला म्हणाला होता, "हा बोलत नाही फारसा, पण बसतो तिथे बसतो." आणि ती घरी परतल्यावर आल्डनला म्हणाला, "चांगली आहे. हिच्याशी लग्न कर." त्याने केलं. सेल्मर रेल्वेच्या कारखान्यात लेथवर होता, केसाएवढा फरक बोटाने ओळखायचा. तळघरात त्याचं दुसरं राज्य होतं. टायरवाल्याकडून आणलेली, चाकांचा तोल साधायची शिशाची वजनं तो लोखंडी भांड्यात वितळवायचा, त्यात जरासं कथील घालायचा, मेणबत्तीचा तुकडा टाकून मळी वर काढायचा. त्या जळक्या मेणाचा वास शनिवारी दोघांच्या कपड्यांना यायचा आणि मार्लिस म्हणायची, चर्चमध्ये जाऊन आलात की काय. साच्यातून गोळ्या पाडायचं काम आल्डनचं. साचा थंड असला की गोळीला सुरकुत्या पडतात, फार तापला की ती बर्फासारखी पांढुरकी होते, हे तो शिकला होता. पण काडतुसात दारू भरायची वेळ आली की सेल्मर त्याच्याकडे पाठ करायचा. दारूला हात लावायचा नाही, हा नियम. लष्कराच्या जुन्या रायफली तांब्याच्या वेष्टणातल्या जोरदार गोळ्यांसाठी केलेल्या. त्यांतून मऊ शिशाची गोळी मारायची तर दारू हळुवार हवी. जास्त झाली की शिसं नळीला फासलं जातं, फारच जास्त झाली तर बंदूक फुटते, कमी झाली तर गोळी बाहेरच येत नाही. आणि प्रत्येक नळीचं पोट वेगळं. "लिहून का ठेवत नाहीस?" असं आल्डनने एकदा विचारलं होतं. सेल्मरने मान न वळवता उत्तर दिलं, "लिहिलेलं कुणीही वाचतो आणि मग कुणीही मरतो. ज्याची बंदूक त्याच्या डोक्यात तिचं माप." मग तो हसला. "तुला काय करायचंय? मी आहे ना."

गेल्या वसंतात, विसर फारच वाढला तेव्हा, सेल्मरला टेकडीवरच्या वृद्धाश्रमात ठेवावं लागलं, जिथे दार उघडायला आकडे दाबावे लागतात तिथे. त्याच्या मुलीने, लोर्नाने, घर विकलं. बंदुका जुन्या गिऱ्हाइकांकडे गेल्या, पण ही जुनी क्रॅग रायफल तिने काकांना दिली. बाबांची आवडती, तुमच्याकडेच असू दे. सोबत साचा, शिशाच्या लगडी, दारूचे डबे. माप मात्र नाही. आल्डनने जुनी छापील पुस्तकं चाळली. त्यांत दुसऱ्याच वजनाच्या गोळ्या होत्या, किंवा ती दारू आता मिळतच नव्हती. लोर्नाने त्याला संगणकासमोर बसवलं. "जगभरची माणसं यावर बोलतात, काका, बघा तरी." खरंच बोलत होती. ओहायोतला एक जण एक सांगत होता, टेक्सासमधला त्याला गाढव म्हणत होता, तिसरा सांगत होता की त्याच्या आजोबांनी चाळीस वर्षं तिसरंच वापरलं आणि ते अंथरुणात पडून मेले. आणि शेवटी सगळे तेच लिहीत होते. खालून सुरुवात करा, हळूहळू वाढवा, बंदूक तुमची, जबाबदारी तुमची. आल्डन ते वाचून थकून गेला. सुरुवात कर, वाढव, बघ, ठरव. हे त्याने आयुष्यात कधी केलंच नव्हतं. म्हणून तो सेल्मरलाच विचारायला लागला. पहिल्या रविवारी सेल्मर म्हणाला, "सतरा." ठाम, जुन्या आवाजात. पुढच्या वेळी तितक्याच ठामपणे, "चौतीस." त्याच्या पुढच्या वेळी, खिडकीबाहेर बघत, "अकरा." हे तिन्ही खरे असू शकत नाहीत, एवढं न कळण्याइतका आल्डन खुळा नव्हता. चौतीसने कदाचित पहिल्याच गोळीला सगळं संपलं असतं, तेही त्याला ठाऊक होतं. त्याने अकरा भरलं, कारण ते ताजं होतं. चौतीस ताजं असतं तर? हा प्रश्न आत्ता, गाडी घरासमोर उभी केल्यावर, त्याच्यासमोर आला, आणि त्याचं उत्तर त्याला लगेच कळलं. तो स्टीअरिंग धरून तसाच बसून राहिला. भीती वाटली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी रविवार. सेल्मर खिडकीशी बसला होता. त्याच्यापुढे ताटलीत नटबोल्ट पसरलेले. आश्रमातली सेविका डेकॉन्टी, तिने ते कुठूनसे आणून दिले होते. ती लायबेरियाहून आलेली, उंच आणि मोठ्या आवाजाची. "पप्पा सेल, कामावर चला," म्हणत ती रोज सकाळी ताटली त्याच्यासमोर ठेवायची आणि तो दिवसभर नटाला नट, बोल्टला बोल्ट लावत बसायचा.

"भाऊ आला बघा, पप्पा," ती म्हणाली. "आज तरी त्यांना हसवा. मेल्या माशासारखं तोंड करून येतात दर वेळी."

ती गेली. सेल्मरने मान वर केली. आज त्याचे डोळे स्वच्छ होते. कधी कधी असायचे.

"उशीर केलास. बस चुकली?"

"मी बस चालवायचं सोडलं, सेल. केव्हाच."

"हं. आणि बंदूक?"

आल्डन खुर्ची ओढून बसला. आज तो काही विचारणार नव्हता. "गोळी अडकली नळीत," तो म्हणाला.

सेल्मरची बोटं थांबली. "कशाने?"

"दारू कमी पडली. अकरा भरली होती."

"अकरा कुठल्या गाढवाने सांगितलं तुला?"

"तू."

सेल्मरने एक नट उचलला, बोटांत फिरवला, उजेडाकडे धरला. मग हळूच म्हणाला, "अकरा तर तुझी बस."

अकरा नंबरची बस. वर टेकडीपासून खाली बंदरापर्यंत. कामावरून सुटलेला सेल्मर कधी कधी तिच्यात चढायचा, पैसे टाकायचा आणि थेट ड्रायव्हरच्या मागच्या खुर्चीवर बसायचा. बोलायचा नाही. उतरताना फक्त म्हणायचा, "ब्रेक जरा करकरतोय." हे आपल्याला कसं सुचलं नाही? आणि सतरा, आणि चौतीस? तीही कुणाची तरी घरं असतील, दारं असतील, वर्षं असतील.

"मला नाही माहीत ते माप," सेल्मर म्हणाला. "केव्हाचं गेलं. आधी तेच गेलं. तू येतोस आणि ते तोंड घेऊन विचारतोस, मग काहीतरी सांगावं लागतं."

"माहीत नाही म्हणायचं होतंस."

"तुला?" सेल्मर चिडला. "तुला मी कधी माहीत नाही म्हटलंय?"

खालच्या मजल्यावर कुठेतरी भांडी वाजत होती. सेल्मर पुढे वाकला. कारखान्यात पोराला जाब विचारावा तसा त्याचा आवाज झाला. "बरं. अडकली. मग काय केलंस?"

"दुसरी भरली."

"अडकलीय ते कळलं नाही?"

कानांवर झाकणं होती, असं म्हणता आलं असतं. आल्डनने सेल्मरच्या हातांकडे पाहिलं. त्या हातांवर आता म्हातारपणाचे तपकिरी डाग पडले होते. "कळलं होतं," तो म्हणाला.

सेल्मरने त्याच्या तोंडात मारली. मूठ मिटलेली होती आणि मुठीत नट होता, तो आल्डनच्या भुवईवर लागला. मग दुसरा फटका कानावर, तिसरा डोक्यात. ताटली खाली पडली, नटबोल्ट जमिनीभर घरंगळत गेले. "बाहेर काढा याला!" सेल्मर ओरडत होता. "काढा याला बाहेर, याला काही होईल!" डेकॉन्टी धावत आली, तिने मागून त्याला मिठी घातली, आणि तो तिच्या हातांत एकदम सैल पडून रडायला लागला. वयस्क माणूस इतक्या मोठ्याने रडू शकतो हे आल्डनला ठाऊक नव्हतं. मग आल्डनच्याच डोळ्यात काहीतरी ऊन ऊन ओघळलं. त्याने बोटं लावली, रक्त होतं. भुवई दुखत होती. फार दुखत होती. थोड्या वेळाने सेल्मर शांत झाला, हुंदके देत त्याने डेकॉन्टीला विचारलं, "हे कोण? यांना लागलंय का?"

मंगळवारी आश्रमाच्या व्यवस्थापक बाईंनी बोलावलं. लोर्ना दवाखान्याच्या कामावरून तशीच आली होती, गळ्यात ओळखपत्र लटकत होतं. बाई गोड बोलत होत्या. इतरही वृद्ध आहेत, कर्मचारी आहेत. कारण नसताना असा हल्ला करणाऱ्या रहिवाशाला इथे ठेवता येत नाही. दक्षिणेला तीन तासांच्या अंतरावर एक जागा आहे, तिथे अशा लोकांना सांभाळतात, औषधं देऊन शांत ठेवतात. लोर्ना मांडीवर हात ठेवून ऐकत होती. तिची मान सेल्मरसारखीच होती, जरा डावीकडे झुकलेली. आल्डनच्या भुवईवर टाके होते. तो भिंतीवरच्या मासेमारीच्या चित्राकडे बघत होता आणि त्याला ठाऊक होतं की गप्प बसलं तर हे सगळं आपोआप होऊन जाईल. कागद होतील, गाडी येईल, सेल्मरला मागच्या खुर्चीवर बसवतील. कुणी आपल्याला काही विचारणार नाही. गप्प बसणं त्याला फार छान यायचं.

"कारण होतं," तो म्हणाला.

दोघी त्याच्याकडे वळल्या.

"त्याने मला कारण असताना मारलं." त्याचा आवाज खरखरत होता, बरेच दिवस न उघडलेल्या दाराचा असावा तसा. "मी त्याला सांगितलं की बंदुकीत गोळी अडकली होती आणि मी मागून दुसरी भरली. मुद्दाम म्हणता येणार नाही. पण मला कळलं होतं. शेजारची बाई ओरडली नसती तर मी चाप ओढला असता." तो थांबला. अजून संपलं नव्हतं. "मला काही वाटलं नाही तेव्हा. मला मार्लिस गेल्यापासूनच काही वाटत नाही. त्याला ते समजलं आणि त्याने मला मारलं. तो वेडा नाही. म्हणजे, आहे. पण त्या वेळी नव्हता."

दाराशी उभी असलेली डेकॉन्टी म्हणाली, "माझ्या भावाने असलं काही सांगितलं असतं तर मी खुर्ची घातली असती डोक्यात."

सेल्मर तिथेच राहिला. ताटली मात्र काढून घेतली, त्याऐवजी लाकडी ठोकळे दिले. ते त्याला आवडले नाहीत.

गाडीतळावर लोर्ना बराच वेळ किल्ली शोधत राहिली. पर्स मोठी होती, पण एवढीही नव्हती. मग ती एकदम ओरडली. "काका, मी पाच मिनिटांवर राहते! पाच मिनिटांवर! काकू गेल्यापासून तुम्ही एक फोन केला नाहीत. मी केला की म्हणता, सगळं ठीक. बाबा मला विसरत चाललेत, आणि तुम्ही... तुम्ही मला काय सांगायला लावणार होतात लोकांना? अपघात झाला?" तिच्या नाकाचा शेंडा लाल झाला होता. लहानपणी ती अशीच रडायची. एकदा बसमध्ये हातमोजा हरवला म्हणून रडली होती, आणि त्याने बस थांबवून खुर्च्यांखाली शोधला होता. "चला," ती म्हणाली. "घरी चला. ती बंदूक मला द्या." तो म्हणाला, पूर्ण बंदूक कशाला, बोल्ट नेलास की ती काठीच. घरी त्याने बोल्ट काढून दिला, तिने तो भांडी पुसायच्या फडक्यात गुंडाळून पर्समध्ये टाकला, मग फ्रिज उघडून आत पाहिलं, बंद केला, आणि म्हणाली, "जेवायला माझ्याकडे. वाद नाही."

त्या हिवाळ्यात तो डॉक्टरकडे जाऊ लागला. एक तरुण डॉक्टर होता, विचारायचा आणि मग वाट बघायचा. आल्डनही वाट बघायचा. औषधाच्या गोळ्या दिल्या, त्या त्याने घेतल्या. एकाएकी काही झालं नाही. फक्त एकदा, बर्फ फावड्याने ओढता ओढता, मार्लिसची एक शिंक त्याच्या कानात आली. ती शिंकायची तेव्हा घर दणाणायचं आणि मग ती स्वतःच दचकायची. तो फावडं टेकवून उभा राहिला, आणि छातीत कुठेतरी खोल असं काही दुखलं की त्याला शेजाऱ्याच्या पायऱ्यांवर बसावं लागलं. शेजाऱ्याने खिडकीतून विचारलं, "आल्डन, बरं आहे ना?" तो म्हणाला, "नाही." हे उत्तर देऊन त्याला स्वतःचंच नवल वाटलं. रविवारी तो सेल्मरकडे जातच राहिला. सेल्मरला काही आठवत नव्हतं. भुवईवरच्या व्रणाकडे बघून तो एकदा म्हणाला, "कुणाशी मारामारी केलीस?" आणि एकदा, फेब्रुवारीत, अगदी अचानक, "माप मिळालं?"

"शोधतोय," आल्डन म्हणाला.

"हं. शोध," सेल्मर म्हणाला आणि लाकडी ठोकळा खाली टाकून दिला.

बेव्हर्लीला त्याने स्वतःहून फोन केला. ती म्हणाली, कळत होतं मला, त्या दिवशी तुमच्या कानाला काही झालेलं नव्हतं. मग तासभर दारूवर बोलत राहिली. आधी मऊ शिशाचा तुकडा नळीतून ठोकून काढा, त्यावरून नळीचं पोट, आतली रुंदी, मोजा. गोळी त्याहून किंचित जाड हवी. दारूचा डबा नवा घ्या, ज्याचं नाव वाचता येतं असा. छापील पुस्तकातलं सगळ्यात खालचं माप धरा, त्याच्या खाली जाऊ नका. जो कुणी छातीठोकपणे एकच आकडा सांगेल त्याच्या हातून पाणीसुद्धा पिऊ नका. आल्डन ऐकत होता. मध्येच त्याने विचारलं, "आणि तेही चुकलं तर?" बेव्हर्ली म्हणाली, "मग दिसेल ना कागदावर. चुकलेलं दिसतंच. थांबायचं आणि बघायचं, एवढंच तर येतं आपल्याला."

मे महिन्यात बर्फ वितळून मैदानावर चिखल झाला होता, तेव्हा लोर्ना त्याच्याबरोबर आली. पर्समधून फडकं काढून तिने बोल्ट त्याच्या हातात दिला, आणि दिल्यावर त्याच्या मागे, अगदी जवळ, हाताची घडी घालून उभी राहिली. "मला यातलं काही कळत नाही," तिने बेव्हर्लीला सांगितलं. "मी फक्त यांच्यावर लक्ष ठेवायला आलेय."

"मग माझ्यावरही ठेवा," बेव्हर्ली म्हणाली. "मीही काही फार भरवशाची नाही."

काडतुसं त्याने स्वतः भरली होती. प्रत्येक माप दोनदा तोललं होतं. आता तो बसला, गाल दस्त्याला टेकवला. लाकूड ऊन होतं. मागे लोर्ना अगदी जवळ आहे हे जाणवत होतं. बोट चापावर गेलं आणि त्याला भीती वाटली, इतकी स्पष्ट की त्याने बोट काढलं, हात पँटला पुसला, थोडं थांबला. मग त्याने चाप ओढला. आवाज झाला. फार मोठा नाही, पण गोल, भरलेला. खांद्याला हलका धक्का बसला आणि बांधावरची ओली माती उडाली. त्याने बोल्ट उघडला आणि उघडाच ठेवला. नळीतून पलीकडचा उजेड दिसतो का, ते वाकून पाहिलं. दिसत होता. तेव्हा कुठे दुसरं काडतूस उचललं.

पाच बार झाल्यावर तिघं कागद बघायला चालत गेले. भोकं खाली, डावीकडे, जेवणाच्या ताटलीएवढ्या जागेत विखुरलेली. कडांना शिशाची करडी रेघ. बेव्हर्लीने चष्मा कपाळावरून खाली ओढला. "बाहेर तर पडल्या," ती म्हणाली. "नेम म्हणाल तर आमच्या शाळेतली पोरं वाटाणे याहून बरे फेकायची."

लोर्ना हसली. एका भोकात करंगळी घालून म्हणाली, "मग आता काय? हेच माप?"

"नाही. आता थोडं वाढवायचं," आल्डन म्हणाला. "थोडंसंच. आज नको पण. पुढच्या शनिवारी."

"पुढच्या शनिवारी मला कामावर जायचंय."

"मग त्याच्या पुढच्या."

मेजाशी परत आल्यावर त्याने बोल्ट ओढून काढला. तो अजून ऊन होता. लोर्ना कानांवरची झाकणं काढून केस नीट करत होती, तिचं लक्ष नव्हतं. त्याने बोल्ट फडक्यात गुंडाळला आणि तिने मागायच्या आत तिच्यापुढे धरला.